कानावाटे आलेली इंग्रजी

मराठवाड्यात जुन्या माणसाला जन्मसाल विचारले, तर आकडा क्वचितच हाती लागतो. "पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी पाळण्यात होतो," असे उत्तर येते. नाहीतर, "थोरलीचं लगीन ॲक्शनच्या आदल्या साली झालं." वाक्य मराठी, 'वक्त' उर्दूतला, 'ॲक्शन' इंग्रजी. बोलणाऱ्याने इंग्रजी शाळेचा उंबरा ओलांडलेला नसतो आणि आपण तीन भाषा बोललो हे त्याच्या गावीही नसते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने शरणागती पत्करली. लष्कराच्या कागदांत मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन पोलो'. पण हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेली होती आणि दिल्लीला हे युद्ध म्हणून जगापुढे येऊ द्यायचे नव्हते. हा घरातला बंदोबस्त आहे असे सांगायचे, म्हणून 'पोलीस ॲक्शन'. जगाच्या दरबारासाठी बेतलेला हा शब्दप्रयोग रेडिओच्या बातम्यांतून आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून संस्थानात पोहोचला आणि बाजेवर बसलेल्या म्हातारीच्या तोंडी कायमचा राहिला. पुढे 'मुक्तिसंग्राम' हा शब्द सभांत, पाठ्यपुस्तकांत आणि १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनात मानाने रुजला. पण साल मोजायला गावाने 'ॲक्शन'च वापरले. काही मोहल्ल्यांत तर त्या शब्दाबरोबर तेव्हा जिवानिशी गेलेल्या माणसांच्या आठवणीही येतात.

आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहरात इंग्रजी कशी पसरली, याचा इतिहास बहुधा शाळा-कॉलेजांच्या अंगाने सांगितला जातो. तो खोटा नाही. पण शाळेत फार थोडी माणसे गेली आणि इंग्रजी शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी बसले. ते आणले बातमी सांगणाऱ्यांनी आणि माल विकणाऱ्यांनी. या दोघांनी आपापल्या परीने कोणते शब्द आणले आणि कोणते परतवले, ती ही हकिगत.

राज्यकर्त्यांची भाषा कानावाटे येण्याची या मुलखाला सवय जुनी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, औरंगजेबाने तिला आपले नाव दिले, आणि दफ्तराची भाषा फारसीच राहिली. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला एकनाथांनी भारुडे रचली. त्यांतल्या 'अर्जदस्ता'त कचेरीतला फारसी मसुदा जसाच्या तसा परमार्थाच्या कामाला जुंपला आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, तेव्हा दरबारी कागद कसा लिहितात हे नाथांना चांगले ठाऊक. आणि समोर बसलेल्या कुणब्या-बलुतेदारांना ते शब्द कळत असल्याशिवाय त्यातला विनोद कळला नसता. भारूड हे त्या काळचे प्रसारमाध्यमच होते: एक माणूस बोलतो, शंभर ऐकतात आणि घरी जाताना शब्द घेऊन जातात.

निजामी राजवटीत १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. गोदावरीच्या पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा. तिथला शेतकरी 'कलेक्टर'कडे अर्ज घेऊन जाई. अलीकडचा शेतकरी तोच अर्ज 'अव्वल तालुकदारा'पुढे ठेवी. कायगाव टोक्याला नदी ओलांडली की साहेबाचे नाव बदले. हैदराबादने इंग्रजीला नुसते दूर ठेवले नव्हते, तिला पर्याय उभा करण्याचा मोठा घाट घातला होता. १९१७ मध्ये भाषांतर विभाग निघाला, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ. वैद्यकापासून अभियांत्रिकीपर्यंत सगळे शिक्षण उर्दूत द्यायचे, इंग्रजी एक सक्तीचा विषय म्हणून ठेवायची, आणि प्रत्येक इंग्रजी संज्ञेला उर्दू जोड शोधायची.

या उद्योगाचे एक मोठे ठाणे औरंगाबादेत होते, हे आज शहरातही फारसे कुणाला आठवत नाही. पुढे 'बाबा-ए-उर्दू' म्हणून गाजलेले मौलवी अब्दुल हक इथे शिक्षण खात्यात आले आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार त्यांनी औरंगाबादेतून चालवला. इथल्या उस्मानिया इंटरमीडिएट कॉलेजचे, म्हणजे आजच्या शासकीय महाविद्यालयाचे, ते प्राचार्य होते. 'उर्दू' हे त्रैमासिक त्यांनी १९२१ मध्ये इथूनच सुरू केले. बीबी-का-मकबऱ्याच्या बागेत राबणाऱ्या नामदेव माळ्यावर त्यांनी लिहिलेले शब्दचित्र आजही उर्दूच्या विद्यार्थ्यांना वाचावे लागते. आणि १९३७ मध्ये त्यांचा जाडजूड इंग्रजी-उर्दू कोश बाहेर पडला तो औरंगाबादच्याच अंजुमनच्या छापखान्यातून. इंग्रजी शब्दाला देशी शब्द देण्याचा विसाव्या शतकातला एक सर्वांत मोठा प्रयत्न या गावात छापला गेला.

कोश उत्तम होता. विद्यापीठात त्यातले शब्द चाललेही. पण बाजारात वेगळाच व्यवहार चालू होता. बिनतारी यंत्राला उर्दू पंडितांनी 'लासलकी' असा नेटका शब्द दिला होता. हैदराबादचे रेडिओ केंद्र १९३५ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतले. तिथून उर्दूबरोबर तेलुगू, कानडी आणि मराठीतही कार्यक्रम होऊ लागले. ज्याच्या घरी ती पेटी आली त्याने तिला 'रेडिओ' म्हटले, कारण दुकानदाराने तिला तेच नाव सांगून विकली होती. लासलकी कोशात राहिली. वस्तू दुकानातून आली की नाव दुकानदाराचे चालते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

निजामाचे औरंगाबादेतही एक रेडिओ केंद्र होते. १ एप्रिल १९५० रोजी ते आकाशवाणीकडे गेले आणि थोड्याच वर्षांत बंद पडले. पुढे मराठवाड्यासाठी परभणीला केंद्र निघाले आणि औरंगाबादला पुन्हा स्वतःचे केंद्र मिळाले ते १९७६ मध्ये. जालना रोडवरचा तो चौक आजही 'आकाशवाणी चौक' आहे. रिक्षावाला, कॉलेजकुमार, भाजीवाली, सगळ्यांच्या तोंडी हेच नाव. त्याला कुणी 'रेडिओ स्टेशन चौक' म्हणत नाही. घरातल्या पेटीला रेडिओ म्हणणाऱ्या माणसाने चौकाला मात्र आकाशवाणी म्हटले, कारण ती संस्था दिवसातून अनेकदा स्वतःचे नाव स्वतःच्या आवाजात सांगत होती. पेटी दुकानातून आली, आकाशवाणी हवेतून आली.

त्या आवाजाने काय काय दिले, ते क्रिकेटमध्ये नीट दिसते. चहाच्या हॉटेलात रेडिओभोवती कोंडाळे जमायचे. समालोचन आधी इंग्रजीत, मग हिंदीतही. बाळ ज. पंडित यांनी मराठीत समालोचन करून दाखवले आणि ते लोकांना आवडलेही. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानाने चौकार, षटकार, यष्टिरक्षक, त्रिफळाचीत असा संच जमवला आणि तो आजतागायत छापतात. मात्र शहरातल्या आमखास मैदानावर खेळणाऱ्या पोराने रात्री कानावर पडलेले उचलले. त्याचा 'विकेटकीपर' कधी यष्टिरक्षक झाला नाही, पायचीत झालेला गडी 'एलबी' झाला. तोच पोरगा सकाळी पेपर वाचताना 'षटकार' बिनअडखळता वाचायचा. एकाच डोक्यात दोन कोश सुखाने नांदत होते, एक वाचायचा, एक ओरडायचा.

रेडिओवरचा माणूस शब्द निवडतो तेव्हा तो लाखोंसाठी निवडतो, याचा उत्तम दाखला म्हणजे निवेदक अमीन सयानी. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर त्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रमाचा साचा थेट पाश्चात्त्य 'हिट परेड'चा. पण गाण्याच्या क्रमांकाला सयानींनी 'पायदान' म्हटले आणि अख्ख्या हिंदुस्थानाने पायदान म्हटले. यात कोणत्याही सरकारी समितीचा हात नव्हता. बुधवारी रात्री कान देऊन बसलेल्या श्रोत्याला तो शब्द दुसऱ्या कुणी शिकवलाच नव्हता, त्यामुळे त्याला स्पर्धकही नव्हता.

शेतीत याच्या बरोबर उलटे झाले. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. कृषी खात्याची पत्रके आणि आकाशवाणीचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम 'संकरित' म्हणत राहिले. पण बियाण्याची पिशवी दुकानातून आली, त्यामुळे शेतकऱ्याने तिला 'हायब्रीड' म्हटले, आणि हायब्रीडच्या भाकरीला चव नसते हेही त्याच दमात सांगितले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर 'मिलो' ही लाल ज्वारी आली, तीही आपले नाव घेऊनच. पुढे 'हायब्रीड' शब्दाने शेताची वेस ओलांडली. अंगाने उफाड्याची पण कामाला कच्ची पोरे दिसली की पारावरचा म्हातारा आजही म्हणतो, "हायब्रीड पिढी हाय बाबा." रूढ मराठी शब्दाला न जमलेली शिवी या इंग्रजी शब्दाने पुरवली.

दरम्यान मराठी राज्य आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ मध्ये 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. हैदराबादने उर्दूसाठी जे केले तेच आता मुंबईने मराठीसाठी सुरू केले. औरंगाबादच्या माणसाने पंधरा-वीस वर्षांत एकाच खुर्चीला तीन नावांनी हाक मारली: अव्वल तालुकदार, कलेक्टर आणि जिल्हाधिकारी. तिसरे नाव कागदावर घट्ट बसले, कारण वर्तमानपत्रांनी ते रोज छापले. बोलण्यात दुसरेच राहिले.

ते रोज छापणाऱ्यांत आघाडीवर होते 'मराठवाडा'. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये हैदराबादेत हे पत्र सुरू केले होते, निजामाच्या अवकृपेशी झगडत. स्वातंत्र्यानंतर ते औरंगाबादेतून निघू लागले आणि अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली या भागाचा आवाज बनले. मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेले अनंतराव आणीबाणीतही तुरुंगात गेले. त्यांचे मराठी गावच्या चावडीवर वाचून दाखवावे असे होते, आणि तसे ते वाचलेही जाई. उर्दू शाळांतून शिकलेल्या पिढीने छापील मराठी पुन्हा आपलीशी केली ती मुख्यतः अशा पत्रांतून. शहरातला उर्दू वाचकही होताच. त्याच्यासाठी निघणाऱ्या एका दैनिकाचे नाव मात्र 'औरंगाबाद टाइम्स'. उर्दू लिपीतल्या त्या शीर्षकातला 'टाइम्स' कुणाला खटकला नाही. वर्तमानपत्राचा दबदबा त्या शब्दातच होता.

इथवर इंग्रजी शब्द वरून खाली येत होते. सत्तरच्या दशकात खालच्यांनी ते हात पुढे करून घेतले. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाने आणि नागसेनवनाच्या परिसराने वाचणाऱ्या, वाद घालणाऱ्या तरुणांची एक पिढी तयार केली होती. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीच्या बातम्या नियतकालिकांतून इथे येत होत्या. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली आणि वर्ष-दोन वर्षांत 'पँथर' हा शब्द मराठवाड्यातल्या वस्त्यांपर्यंत पोहोचला. मराठीत त्याला शब्द नव्हता असे नाही, चित्ता होता, बिबट्या होता. पण गावकुसाबाहेरच्या पोराला गावाच्या भाषेने आजवर जी नावे दिली होती त्यांतले एकही त्याला नको होते. ओकलंडमधल्या काळ्या पोरांनी घेतलेले नाव त्याने वर्तमानपत्रातून उचलले आणि स्वतःला लावले. "तो पँथरचा आहे" हे वाक्य गावात दबक्या आवाजात बोलले जाई, आणि त्या दबक्या आवाजातच त्या शब्दाचे यश होते.

विद्यापीठाच्या नावाचा लढा त्याच्या पुढचा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरे जळली, माणसे मारली गेली, ठराव गुंडाळला गेला. १९७९ च्या नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे नागपूरहून औरंगाबादकडे पायी निघाले, हजारो माणसे घेऊन. त्या पदयात्रेला नाव मिळाले 'लाँग मार्च'. दिंडी, पदयात्रा, मोर्चा असे कितीतरी शब्द हाताशी होते. पण १९३४-३५ मध्ये चीनमध्ये माओंच्या फौजेने केलेल्या कूचीचे हे नाव जगभरच्या छापील पानांतून फिरत विदर्भात आले होते आणि त्यात वारीचा भक्तिभाव नव्हता, कूच करणाऱ्यांची शिस्त होती. सही करताना अडखळणाऱ्या बायांनी तो शब्द उच्चारला, "आमी लाँग मार्चला गेलतो" म्हणून पुढे आयुष्यभर सांगितला. त्याच लढ्याने 'नामांतर' हा संस्कृत वळणाचा शब्दही घराघरांत पोहोचवला. १४ जानेवारी १९९४ रोजी तडजोडीने 'नामविस्तार' झाला. एका सामासिक शब्दाच्या जागी दुसरा सामासिक शब्द आला, आणि त्या दोहोंतला फरक मराठवाड्यातल्या निरक्षर माणसालाही नेमका ठाऊक होता. पंधरा-सोळा वर्षे रोज पहिल्या पानावर छापून आलेला शब्द कठीण राहत नाही. लाँग मार्चही राहिला, नामांतरही राहिले. इंग्रजी की संस्कृत, हा प्रश्न लोकांनी विचारलाच नाही. आपल्या बाजूने कोणता शब्द उभा राहतो, एवढेच त्यांनी पाहिले.

१९८२ पासून वेग वाढला. जानेवारीत 'लोकमत'ची औरंगाबाद आवृत्ती निघाली. १५ ऑगस्टला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. वर्षअखेरीस औरंगाबाद नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९८८ मध्ये तिची पहिली निवडणूक झाल्यावर सावरकरांनी घडवलेला 'महापौर' शहराला मिळाला आणि तो लोकांनी लगेच स्वीकारला. मेयर कुणी म्हटलेच नाही. ही वस्तू कोणत्याही दुकानातून आली नव्हती, बातमीतूनच आली होती. मथळ्यात जागा वाचवायला उपसंपादकांनी महानगरपालिकेची 'मनपा' केली, तीही चालली. गंमत म्हणजे त्याच मथळ्यांतली 'जि.प.' बोलण्यात उतरली नाही. तिथे 'झेडपी' आधीच बसली होती.

टीव्हीने मात्र सगळा हिशेबच बदलला. १९८४ मध्ये देशभर जवळजवळ रोज एक याप्रमाणे प्रक्षेपक उभे राहत होते. औरंगाबादेत हडकोच्या माळावर प्रक्षेपणाचा मनोरा आला आणि त्याच्याभोवती वस्ती वाढली. तिचे नाव पडले 'टीव्ही सेंटर'. संस्था स्वतःला दूरदर्शन म्हणवत होती, पडद्यावर रोज तेच नाव झळकत होते. तरीही बसचा कंडक्टर 'टीव्ही सेंटर, टीव्ही सेंटर' असेच ओरडू लागला. 'आकाशवाणी चौक' आणि 'टीव्ही सेंटर' यांच्यात जेमतेम दहा वर्षांचे अंतर. पण मधल्या काळात दुकान आणि बातमी एकाच पेटीत येऊन बसले होते.

त्या पेटीभोवतीचा शब्दसंग्रह पाहावा. ब्लॅक अँड व्हाइट, पोर्टेबल, शटरवाला, अँटेना, बूस्टर. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा जिन्यात उभा, तिसरा पडद्यासमोर.

"आलं का?"

"मुंग्या येतायत! आणखी थोडं मकबऱ्याकडं फिरव!"

पडद्यावरच्या त्या खरखरीला दुकानदाराने नाव दिलेले नव्हते, कारण ती विकायची वस्तू नव्हती. तिथे मराठीने आपणहून मुंग्या सोडल्या. जिथे विक्रेता गप्प, तिथे बोली हुशार.

बाकी सगळीकडे विक्रेता अखंड बोलत होता. जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाले, १९८७ मध्ये 'रामायण', आणि त्यांच्या आगेमागे जाहिराती. ज्या घरात नवरा-बायको एकमेकांना नावाने हाक मारत नव्हते, त्या घराच्या ओसरीत एक गोड मुलगी सरबताच्या पाकिटाला 'आय लव्ह यू' म्हणत होती आणि आजी कौतुकाने हसत होती. पुढे सिनेमा आणि मालिकांनी हे तीन शब्द गंभीर केले. पहिल्यांदा ते बैठकीच्या खोलीत आले ते रसनाच्या निमित्ताने. जाहिरातीत वस्तू, तिचे नाव, ते उच्चारण्याची तऱ्हा आणि ती घेतल्यावर चेहरा कसा करायचा, हे सगळे तीस सेकंदांत मिळत होते. शाळेत इतके नीट कुणी इंग्रजी शिकवले नव्हते.

आणि ही पेटी बनत होती शहराच्या वेशीवर. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली. नाथांच्या पैठण तालुक्यातली पोरे शिफ्ट, असेंब्ली, पिक्चर ट्यूब, ओव्हरटाइम असे शब्द बोलत संध्याकाळी सायकलींवरून घरी परतू लागली. घरात टीव्हीवर 'हमारा बजाज' लागायचे आणि खुंटीला बजाजचा गणवेश टांगलेला असायचा. इतर गावांना इंग्रजी शब्द पडद्यावरून मिळत होते. या शहराने पडदाही बनवला आणि पडद्यावर विकायची गाडीही. त्यामुळे इथे जाहिरातीची भाषा आणि पगाराची भाषा एकच झाली.

१९९१ पासून केबल आली. आखाती युद्ध सीएनएनने घरबसल्या दाखवले, त्याच वर्षी स्टार टीव्ही, १९९२ मध्ये झी. झीच्या निवेदकांनी हिंदी-इंग्रजीची मिसळ उघडपणे आणि हौसेने केली. तोवर अशी मिसळ हा बोलण्यातला ढिलेपणा मानला जाई, आता ती पॉश ठरली. जुलै २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाल्यावर 'लाइफलाइन' आणि 'लॉक करू का?' हे शब्द भाजीच्या भावापासून लग्नाच्या स्थळापर्यंत कुठेही वापरले जाऊ लागले. मराठी वाहिन्याही निघाल्या, पण त्यांची नावे पाहा: १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. २००७-०८ मध्ये स्टार माझा, झी २४ तास आणि आयबीएन लोकमत या वृत्तवाहिन्या आल्या आणि 'ब्रेकिंग न्यूज' घरोघरी पोहोचली.

या 'न्यूज'ला मराठी माणूस न विचारता स्त्रीलिंगी करतो: "काय ब्रेकिंग न्यूज आली?" इंग्रजीत न्यूजला लिंग नाही. ते तिला दिले जागा सोडून गेलेल्या 'बातमी'ने. बस स्त्रीलिंगी, कारण गाडी स्त्रीलिंगी. व्याकरणाचे इतके बारीक काम कोणत्याही वाहिनीने शिकवलेले नाही. शब्द बाहेरून आले, पण त्यांना घरात वागायचे कसे हे मराठीनेच सांगितले.

या गदारोळात वर्तमानपत्रांनी काय केले? 'मराठवाडा', 'अजिंठा' अशी नावे लावणाऱ्या शहरात 'लोकमत'ची स्थानिक पाने 'हॅलो औरंगाबाद' झाली, तरुणांची पुरवणी 'ऑक्सिजन' झाली. २८ मे २०११ रोजी 'दिव्य मराठी' औरंगाबादेतूनच सुरू झाले आणि त्याच्या स्थानिक पुरवणीचे नाव 'डीबी स्टार'. अग्रलेखाच्या पानावर प्रमाण मराठी आणि पुरवणीत मिसळ, असा वर्णाश्रम सगळ्यांनीच पाळला. याची कारणे भाषेपेक्षा पैशांत होती. पुरवणी जाहिरातदारासाठी निघते, आणि जाहिरातदाराचा माल इंग्रजी नावाने विकला जातो.

उलटी वाहतूकही झाली. शहरातून इंग्रजी दैनिकही निघते, 'लोकमत टाइम्स'. इथला इंग्रजी बातमीदार मोर्चा, बंद, रास्ता रोको, पंचनामा, तालुका, लाख आणि कोटी या शब्दांना हात लावत नाही, कारण त्यांना तोडीचे इंग्रजी शब्द नाहीत आणि वाचकाला हेच हवे असतात. पंचनामा इंग्रजीत सांगायला दोन ओळी खर्च कराव्या लागतील आणि तरीही तलाठी त्यात दिसणार नाही. घरी इंग्रजी पेपर घेणाऱ्या इथल्या मुलाची इंग्रजी त्यामुळे लंडनची होत नाही, मराठवाड्याचीच होते. माध्यमे दोन्ही भाषांना एकमेकींच्या अंगणात नेऊन सोडतात.

२०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि ऐकणारा स्वतःच बोलू लागला. शंभर वर्षे एक बोले, हजार ऐकत. आता कन्नड-सिल्लोडकडचा पोरगा शेताच्या बांधावरून व्हिडिओ टाकतो, ठेवणीतल्या बोलीत बोलतो आणि शेवटी "लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा" म्हणतो. हे तीन शब्द त्याने भाषांतरित केले नाहीत, कारण बटणावर तेच लिहिलेले असतात. पण जिथे बटणाने काही सुचवले नाही तिथे त्याने आपले क्रियापद वापरले: स्टेटस 'ठेवतात', मिसकॉल 'मारतात', ग्रुपमधून माणसाला 'काढतात'. उंबऱ्यावर पणती ठेवावी, तसे स्टेटस ठेवायचे. इंग्रजीत ते वेगळ्या क्रियापदाने होते, आपल्याकडे ते ठेवूनच होते.

अब्दुल हकांचा कोश आणि पदनाम कोश, दोन्ही कष्टाची आणि विद्वत्तेची कामे. दोन्हींमागे एकच समजूत होती, की शब्द आधी घडवावा, मग तो लोक वापरतील. या शहराचा अनुभव निराळा. लासलकी हरली आणि पायदान जिंकले, संकरित हरले आणि महापौर जिंकला. यांत शब्दाच्या सोपेपणाचा संबंध नव्हता, 'नामांतर'सारखा जोडशब्द तर निरक्षरांनी पेलला. शब्द कुणाबरोबर आला, एवढ्यावर निकाल लागला. माल घेऊन येणाऱ्याने आणि बातमी घेऊन येणाऱ्याने जे नाव सांगितले तेच चालले.

म्हणून मराठीच्या काळजीने शब्दसूची करायला बसणाऱ्यांनी जरा वेळापत्रक तपासावे. वस्तू दुकानात मांडली गेल्यावर, ॲपचे बटण छापून झाल्यावर, वाहिनीने पट्टी चालवल्यावर केलेला शब्द कितीही सुंदर असो, तो उशिराच पोहोचतो. त्याच्या आदल्या दिवशी उपसंपादकाच्या, जाहिरात लिहिणाऱ्याच्या आणि ॲपच्या पडद्यावरचा मजकूर ठरवणाऱ्याच्या टेबलावर तो असला, तर लोक त्याला नाकारत नाहीत. वळवळणाऱ्या पडद्याला मुंग्या म्हणणारी आणि गावातल्या पोरांना हायब्रीड म्हणणारी ही माणसे शब्दांच्या बाबतीत कधीच आळशी नव्हती. त्यांना फक्त शब्द वेळेवर मिळायला हवा.